समोरच आहे

आमच्या घरात एक वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू येतं, 'अरे, समोरच आहे!' मी फ्रिज उघडून कोथिंबीर शोधत उभा असतो आणि बायको ओट्यापाशी बसूनच ते वाक्य फेकते. ज्याला हातभर अंतरावरची कोथिंबीर दिसत नाही, त्याला मैलभर लांबचं हरीण शोधायला कुणी सोबत नेऊ नये. पण डेन्व्हरमधल्या आमच्या शेजाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं.

त्यांना मी मनातल्या मनात अण्णा म्हणतो. आमच्या या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या लायसनसाठी आधी कोर्स करावा लागतो. अण्णा १९४८चे. 'मला कोण शिकवणार, हे सरकारलाच कळलं,' असं ते आमच्याकडची चकली मोडता मोडता सांगतात. म्यूल डिअर नावाच्या इथल्या हरणाच्या नराचं लायसन लॉटरीत लागतं. एप्रिलपर्यंत अर्ज करायचा, नाही लागलं तर एक पॉइंट पदरात पाडून घ्यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा. थेट म्हाडाच्या घरासारखं. फक्त इथे नंबर लागल्यावर घर आपणच शोधायचं, आणि ते पळतं.

यंदा अण्णांचा नंबर गनिसनला लागला. माझ्याकडे बंदूक नाही, लायसन नाही. मी फक्त जास्तीचे दोन डोळे.

गनिसन गावच ७,७०० फुटांवर आहे. आपलं कळसूबाई ५,४००. म्हणजे गाडीतून उतरलो तेव्हाच मी महाराष्ट्राच्या डोक्यावरून पार गेलेलो, आणि चढण अजून सुरू व्हायची होती. पंच्याहत्तरी उलटलेले अण्णा अंधारात पुढे, मी धापा टाकत मागे. बंदूकवाल्याच्या अंगावर निदान ५०० चौरस इंच भडक रंग हवा, वर टोपीही, असा तिथला कायदा. अण्णांनी मलाही केशरी जाकीट चढवलं. विसर्जन मिरवणुकीत चुकून डोंगराकडे वळलेल्या ढोलवाल्यासारखा मी दिसत होतो. 'हरणाला हा रंग भडक दिसत नाही,' अण्णा म्हणाले. 'हालचाल मात्र दिसते. तेव्हा गप बस.'

उजाडलं. अण्णांनी दुर्बीण ट्रायपॉडवर लावली. 'अख्खं हरीण शोधायचं नाही. तुकडा शोधायचा. उभ्या झुडपांत आडवी रेघ दिसली तर ती पाठ. काही फडफडलं तर कान.' कान म्हणजे खेचराचेच, 'म्यूल' हे नावही त्यावरूनच पडलेलं. गोम अशी की उन्हाळ्यातला तांबूस कोट टाकून हा प्राणी ऑक्टोबरात राखाडी होतो. सेजब्रशची झुडपं राखाडी, खडक राखाडी, आणि थंडीने एव्हाना मीही. शिवाय नोव्हेंबरात माद्यांच्या मागे लागले की हे नर उघड्यावर हिंडतात. त्याआधी मात्र उजाडायच्या आत चरून घ्यायचं आणि ऊन चढलं की सावलीत रवंथ करत बसायचं, असा सगळा रिटायर्ड कारभार.

'तो बघ,' अण्णा कुजबुजले.

'कुठे?'

'त्या वाळक्या झुडपाच्या डावीकडे.'

समोरच्या डोंगरावर वाळकी झुडपंच होती.

'कुठल्या झुडपाच्या?'

'अरे, खडकाच्या वरच्या!'

खडक तर झुडपांहून जास्त. चौथ्यांदा विचारायची माझी छाती होईना. मला माझं लग्न आठवलं. भर दुपारी हॉलच्या पंख्याकडे बोट करून गुरुजी म्हणाले होते, 'अरुंधती दिसली?' आणि मी म्हणालो होतो, 'दिसली.'

'दिसला,' मी म्हणालो.

'शिंगाला फाटे किती?'

'चार,' मी ठोकून दिलं.

अण्णांचा चेहरा असा उजळला की मलाच खरं वाटलं. ऊन तापलं की वारा उतारावरून वर वाहतो, म्हणून ते दीड तासाचा वळसा घालून वरून उतरणार होते. मी जागेवरून पहारा द्यायचा. हरीण डावीकडे सरकलं तर टोपी डाव्या हातात, उजवीकडे सरकलं तर उजव्या, बसूनच असलं तर डोक्यावर. मी मनाशी एक बरासा राखाडी गोळा निवडला आणि त्याच्यावर नजर रोवली. गोळा हलेना. टोपी डोक्यावर. तास गेला. कसला संयम त्या हरणाचा! मी चिवड्याची पुडी सोडली.

पलीकडे अण्णा बरोबर त्या गोळ्यापाशी पोचले, आणि त्यावर बसले.

त्यांनी दुर्बीण माझ्याकडे वळवली आणि दोन्ही हात हलवायला लागले. मीही हलवले. तेवढ्यात खाली पाचोळा वाजला. तीस पावलांवर तो उभा होता. नाकातून वाफ, एक कान अण्णांकडे, दुसरा चिवड्याकडे. शिंगाला फाटा, त्या फाट्याला पुन्हा फाटा. मोजले, चारच निघाले! मग चारही पाय एकदम उचलून स्प्रिंगवर बसवल्यासारखा टण्‌टण् उडत तो उतार चढला, वर थांबला आणि वळून पाहू लागला. ही त्यांची जुनी खोड, शिकाऱ्याला हीच घटका साधते म्हणतात. शिकारी पलीकडच्या डोंगरावर दगडावर बसला होता.

परतीच्या वाटेवर अण्णा गाडीत चाळीस मैल बोलले नाहीत. मग बायकोचा फोन आला.

'दिसलं का रे हरीण?'

'समोरच होतं,' मी म्हणालो.