‘पुरापुढं सरकार काय करणार?’ असं विचारणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पावसाळा आला की हा फॉरवर्ड न चुकता फिरतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, ‘शांतपणे वाचा आणि विचार करा’ अशी तळटीप जोडून. काका पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतात, त्यांना शांतपणे वाचायला जमतं. आई सांगलीत असते. तिनं वाचून लगेच फोन केला, “आलमट्टी धरणामुळंच झालं होतं ना रे सगळं?” तेव्हा गप्प बसवेना.

फॉरवर्ड 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुराबद्दल आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाऊसच एवढा होता की कुणाचा इलाज नव्हता, पाणी कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणानं तुंबवलं, वेळेवर सांगूनही लोकांनी घरं सोडली नाहीत, मंत्री स्वतः बोटीत बसून फिरले, मदतही लगेच मिळाली. तरी लोक राजकारण करतात.

पाऊस अफाट होता, मान्य. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी लागते, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका 43 फुटांना, पाणी गेलं 55 च्या पुढं. असा पाऊस कुठलंही सरकार अडवू शकत नाही. पण ‘कुणाचा इलाज नव्हता’ हे कुठून आलं? 2005 च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली होती, तिनं 2007 मध्ये अहवाल दिला. 2019 नंतर पुन्हा त्याच वडनेऱ्यांना बसवलं, 2020 च्या मे महिन्यात पुन्हा अहवाल. नदीच्या पूररेषेत बांधकामं होऊ देऊ नका, झालेली अतिक्रमणं काढा, हे सांगायला दोन समित्या लागल्या. मधल्या काळात सांगलीत सखल भागात गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट विकले गेले, त्यावर घरं चढली आणि त्यांना नळ, वीज, घरपट्टी सगळं मिळालं. ते काय आभाळातून पडलं?

आता आलमट्टी. काका, हाच 2020 चा अहवाल सांगतो की सांगली-कोल्हापूरच्या पुराला आलमट्टी किंवा कर्नाटकातलाच हिप्परगी बंधारा जबाबदार नाही. आपल्याच सरकारनं नेमलेल्या समितीचा हा निष्कर्ष आहे, कर्नाटकचा नव्हे. तो इकडं अनेकांना पटलेला नाही, आणि आलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 वर न्यायच्या कर्नाटकच्या बेताला विरोध व्हायलाच हवा. पण तो पुढचा प्रश्न झाला. 2019 चं खापर शेजारच्या राज्यावर फोडलं की इथल्या कुणालाच काही विचारावं लागत नाही, म्हणून हा मुद्दा इतका लाडका आहे.

‘लोकांनी घरं सोडली नाहीत’ हे वाचून मात्र डोकं फिरलं. नदीकाठच्या माणसाचा हिशेब 2005 च्या खुणेवर चालायचा. “तेव्हा उंबऱ्यापर्यंत आलं होतं, यंदाही तेवढंच येईल,” म्हणून सामान माळ्यावर टाकून लोक थांबले. हे चुकलं, खरं. पण 2019 ला पाणी त्या खुणेच्या चार-चार फूट वर जाणार आहे, हे दारात येऊन कुणी सांगितलं? आणि ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाभण गाय आहे, त्यानं दावं सोडून जायचं कुठं? शाळेच्या खोलीत माणसांची सोय होते. जनावरांच्या छावणीचं आणि वैरणीचं आधी बघितलं असतं तर निम्मे लोक आपण होऊन निघाले असते. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात घर सोडणं म्हणजे गोठा सोडणं, हे कलेक्टर कचेरीला माहीत नसतं काय?

आणि ब्रह्मनाळचं काय? कृष्णा-येरळेच्या संगमावरचं गाव, पुरात बुडणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. 8 ऑगस्टला तिथले लोक घर सोडूनच निघाले होते. बोट ग्रामपंचायतीची, माणसं क्षमतेपेक्षा जास्त. ती उलटली आणि 17 जण गेले, त्यात बायका होत्या, लेकरं होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं यावर ‘लोकांनी गर्दी केली’ एवढी एकच ओळ लिहिली आहे. पाणी छातीला लागलेलं असताना दुसरी बोट कधी येईल याचा भरवसा नसेल तर माणूस गर्दीच करणार. दुसरी बोट का नव्हती, हे विचारायला त्याचा अंगठा पुढं सरकला नाही.

मंत्री बोटीत फिरले, बरोबर. तत्कालीन जलसंपदा मंत्री गिरीश महाजन बोटीत बसून कॅमेऱ्याकडं बघून हसत हात हलवतायत, तो व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रानं बघितला. त्यावर आणखी लिहीत नाही.

मदतीचं म्हणाल तर 7 ऑगस्टचा शासन निर्णय काढून वाचा. दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली राहिलेल्यांना दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. म्हणजे घर दीडच दिवस बुडालं तर? गहू दळायला गिरणी कुठली, ती पण पाण्यातच. निकष जुनाच आहे, हे समर्थन झालं. पण महापूर डोळ्यांपुढं असताना तो तसाच कागदावर उतरवणाऱ्याला काही वाटलं नाही? इचलकरंजीत तर मदतीच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचा आणि आमदाराचा फोटो असलेली स्टिकरं लागली. सानुग्रह अनुदान नंतर मिळालं, ते नाकारत नाही. पण गावागावांत पहिली भाकरी, पहिलं पाणी पोचवलं ते तरुण मंडळांनी आणि शेजारच्या गावांनी.

काका आता विचारतील, तू कुणाच्या बाजूचा? 2005 ला सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं, 2007 चा अहवाल त्यांच्याच काळात आला. 2019 ला भाजप-शिवसेना. 2021 च्या जुलैत आयर्विनला पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेलं, तेव्हा महाविकास आघाडी. तिघांनीही पाणी ओसरल्यावर चिखलातून दौरे केले. निळ्या पूररेषेच्या आतली, म्हणजे जिथं बांधायलाच मनाई आहे त्या पट्ट्यातली नवी बांधकामं थांबवा, एवढं एक काम यातल्या कुणी केलं ते पुढच्या फॉरवर्डमध्ये नावानिशी लिहा. आईला मी वाचून दाखवतो.