पात्र बदलणाऱ्या खेळाडूला वठणीवर कसं आणावं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव पडलाय: टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र होऊन फाशांच्या जोरावर खेळायचा तो खेळ. गेल्या खेपेला त्या खुर्चीत हाफ-ऑर्क बार्बेरियन (पहिला शब्द वंश, दुसरा पेशा) बसला होता. त्याआधी एल्फ विझार्ड. आज त्याच खुर्चीत एक टिफलिंग वॉरलॉक येऊन बसलाय, आणि नवं कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, पुढे सरकवत तुम्हाला म्हणतोय, ‘‘या वेळी ना, मी एकदम वेगळं काहीतरी करणारे.’’

तुम्ही डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारे आहात. रात्री जागून नकाशे काढलेत, राजघराण्याच्या सात पिढ्यांची वंशावळ लिहिलीत, त्या बार्बेरियनच्या हरवलेल्या बहिणीला एका किल्ल्यात कोंडून ठेवलंत. आता त्या बहिणीचं काय करायचं? ती बिचारी अजून तिथेच आहे. तुमचा संताप रास्त आहे. तेव्हा उपाय ऐका.

सर्वांत आधी, त्याला कारण विचारू नका. विचारलंत की उत्तर मिळण्याचा धोका असतो. तो म्हणेल, ‘‘माझा ‘रोग’, म्हणजे चोर, कुलपं उघडण्यात पटाईत होता, पण तुझ्या गोष्टीतली सगळी दारं भविष्यवाणीनेच उघडतात.’’ किंवा म्हणेल, की बार्डने, म्हणजे त्याच्या भाटाने, कोणाशी बोलायला तोंड उघडलं की तुम्ही लगेच हल्ला करवता. असलं काही ऐकणं डीएमच्या तब्येतीला मानवत नाही. त्यापेक्षा ‘हल्लीच्या पोरांना एका जागी बसवतच नाही’ असं ठरवून मोकळं व्हावं. ‘पोरगं’ बेचाळीस वर्षांचं असलं तरी हरकत नाही.

दोष नियमपुस्तकाचाही आहेच. २०१४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये बारा क्लासेस, म्हणजे पात्रांचे पेशे, छापले, वर प्रत्येकाच्या उपशाखा, आणि पुढे २०१७ आणि २०२०च्या पुस्तकांत आणखी भर घातली. हे सगळं वाचून कोणाला करून बघावंसं वाटलं, तर ती त्याची अधाशी वृत्ती. क्लासेस बघण्यासाठी असतात. माणसाने एक निवडावा आणि विसाव्या लेव्हलपर्यंत निभवावा. तुमचं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी गोष्ट, महिन्यातून एकदा भरतं, तेही कोणाकडे मुंज किंवा बारसं नसेल तर. या वेगाने विसावी लेव्हल येईल तेव्हा तो निवृत्त झालेला असेल आणि त्याला भरपूर वेळ असेल. मग बदलू दे की हवं ते.

आता खरा रामबाण. नवं कॅरेक्टर आणलं की ते पहिल्या लेव्हलचंच, असा नियम करा. बाकीची पार्टी, म्हणजे इतरांच्या पात्रांची टोळी, पाचव्या लेव्हलला आहे? उत्तमच. त्यांनी साडेसहा हजार एक्स्पीरियन्स पॉइंट घाम गाळून मिळवलेत, याला शून्यावर बसू दे. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला साधारण आठ हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, असतात. पाचव्या लेव्हलच्या पार्टीसमोर तुम्ही जो शत्रू उभा करणार, त्याच्याकडे फायरबॉल हा आगीचा मंत्र असणारच. त्याचं नुकसान सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी अठ्ठावीस. सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, जमला तरी निम्मे, म्हणजे चौदा, गडी आडवा. नाही जमला तर हिट पॉइंट शून्यावर जाऊनही वीस उरतात, आणि उरलेला आकडा त्याच्या एकूण हिट पॉइंटांइतका किंवा जास्त असेल तर माणूस जागच्या जागी मरतो. जगतो की मरतो ठरवणारे तीन डेथ सेव्ह टाकायचीसुद्धा गरज नाही, वेळ वाचतो.

आणि मग काय होतं? तो नवं कॅरेक्टर घेऊन येतो. बघा, म्हटलं नव्हतं? किती चंचल!

मेलेल्याला उठवायची सोय नियमांत आहे, तीही बंद करा. ‘रेझ डेड’ या मंत्राला पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि मृत्यूला दहा दिवसांहून जास्त झालेले चालत नाहीत. तेव्हा सगळ्या बाजारपेठांतले हिरे गायब करा आणि जवळचं देऊळ अकरा दिवसांच्या अंतरावर ठेवा. ‘रीइन्कार्नेट’च्या तर वाटेलाच जाऊ नका. २०१४च्या नियमांत त्या मंत्रानंतर फासा टाकून नवा वंश ठरतो. ड्वार्फ मेला आणि एल्फ होऊन उठला. नियमपुस्तकच असं फितूर निघाल्यावर खेळाडूंना काय बोलायचं?

बॅकस्टोरी, म्हणजे पात्राची पूर्वकथा, मात्र सक्तीची करा. किमान दहा पानं. ती वाचायची नसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. फार तर आई-वडिलांची नावं शोधा आणि पहिल्याच सेशनला त्यांना ड्रॅगनच्या तोंडी द्या. पुढची सगळी कॅरेक्टर्स अनाथ असतील. त्यावर ‘‘तुझ्या पात्रांना नातीगोती का नसतात रे?’’ असं खिन्नपणे विचारता येतं.

एक उपाय चवीने करण्यासारखा आहे. त्याने सोडून दिलेलं पात्र आता तुमचं. तो सत्यवचनी पॅलाडिन, धर्मयोद्धा होता ना? पुढच्या गावच्या गुत्त्यात तो उधारीवर पिताना दिसू दे. खेळाडूचा चेहरा बघण्यासारखा होतो.

‘जुन्या काळी असं नव्हतं’ हे वाक्य अधूनमधून टाकत जा, पण जरा हळू आवाजात. कारण कोणीतरी वाचलेलं असतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ला आला, आणि त्या काळी पात्रं पटापट मरत, एकेक खेळाडू चार-चार पात्रं बाळगून असे. १९७८च्या पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशाने ठरत. एक पडला तर मांजर चावूनही खेळ खलास. १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात तर पात्र तयार होता होताच मरू शकत असे. आणि १९८४च्या ‘पॅरानोइया’ या खेळात प्रत्येकाला एकाच पात्राच्या सहा प्रती मिळत, म्हणजे कोणी रुसायलाच नको. ही परंपरा. हिचा आदर राखा, तपशील सांगू नका.

काही भोळसट डीएम भलतंच करतात असं ऐकू येतं. म्हणे सुरुवातीला ‘सेशन झीरो’, म्हणजे खेळाआधीची बैठक, घेतात आणि कोणाला काय खेळायचंय ते विचारतात. म्हणे तिसऱ्या लेव्हलपर्यंत एकदा बदल माफ ठेवतात, कारण बहुतेक क्लासेसची खरी चव तिथवर कळतच नाही. म्हणे हौस भागवायला मध्येच एखादा वन-शॉट, एका बैठकीत संपणारा डाव, खेळतात. नवं पात्र आलं तर ते त्या किल्ल्यातल्या बहिणीच्याच शोधात निघालेलं असतं, म्हणजे डीएमची मेहनतही वाया जात नाही. पण अशाने खेळाडू रमतो. रमला की गावकऱ्यांची नावं विचारतो, राजाचा कर कोणावर किती असं विचारतो, आणि तुम्ही लिहिलेल्या सात पिढ्यांत चौथ्या पिढीचा हिशोब चुकलाय हे त्याच्या लक्षात येतं.

हे सगळं करूनही एखादा आगाऊ म्हणेलच, ‘‘तू तर आज एका संध्याकाळी गुत्तेवाला झालास, राणी झालास, तीन गॉब्लिन झालास, मग ड्रॅगन. तुला कोणी काही म्हणतं का?’’ वाद घालू नका. पडद्यामागे चार-पाच फासे जोरात खुळखुळवा, दोन सेकंद काळजीत पडल्यासारखं करा, आणि सगळ्यांना इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतला क्रम ठरवणारा फासा, टाकायला सांगा.