कचऱ्याचा डोंगर कुणाच्या दारात

ह्यूस्टन पोळपाटासारखं सपाट आहे. इथे टेकडी दिसली तर ती कचऱ्याची असणार, असं खुशाल समजावं. मी चेंबूरची, देवनारचा डोंगर बघत वाढलेली. त्यामुळे शहराच्या ईशान्येला गवत उगवलेली पहिली टेकडी दिसली तेव्हाच ती मला कळली.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या देवनारवरूनच जुंपली आहे. धारावीच्या पुनर्विकासात जे अपात्र ठरतील त्यांच्या घरांसाठी सरकारने २०२४ साली देवनार डम्पिंगची १२४ एकर जागा द्यायचं ठरवलं. दादा म्हणतो, कचरा कुठेतरी जाणारच, आणि लोकांना पक्कं घर मिळतंय हे काय थोडं झालं? मी विचारलं, कचऱ्याचा डोंगर नेमका मुसलमान-दलितांच्याच दारात कसा? मामा माझ्यावर चिडले. ‘‘प्रदूषणाला जात-धर्म नसतो गं, तिकडचे गोरे-काळे इकडे आणू नकोस.’’

मामा, इथेही लोक हेच म्हणायचे. ह्यूस्टनमध्ये झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय उभारायचं हे ठरवणारा, कायदा नाही, जागा स्वस्त मिळेल तिथे डम्पिंग होतं, त्यात वर्ण कुठून आला? १९७९ साली नॉर्थवूड मॅनर नावाच्या वस्तीशेजारी नवं डम्पिंग येणार होतं. ही झोपडपट्टी नव्हती. स्वतःची घरं घेऊन राहणाऱ्या मध्यमवर्गीय काळ्या कुटुंबांची वस्ती होती ती. लिंडा मॅकीव्हर बुलार्ड या वकीलबाईंनी रहिवाशांच्या वतीने दावा लावला आणि नवऱ्याला सांगितलं, शहरातला कचरा आजवर कुठे कुठे टाकला ते शोधून दे. नवरा, रॉबर्ट बुलार्ड, समाजशास्त्राचे प्राध्यापक. आयती यादी कुठेच नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी सरकारी कागद उपसले, गाडी घेऊन वस्त्या पालथ्या घातल्या. निघालं ते असं: १९२० च्या दशकापासून १९७८ पर्यंत शहराच्या मालकीची पाचच्या पाच डम्पिंगं काळ्या वस्त्यांत, आणि कचरा जाळायच्या आठ भट्ट्यांपैकी सहा तिथेच. शहरात काळी माणसं होती चारातलं एक. खटला ते हरले, कारण हे मुद्दाम केलं हे कोर्टात सिद्ध झालं नाही. पण तो नकाशा पुसता आला नाही.

इथल्याच फिफ्थ वॉर्डात रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावायचं डांबरी तेल, लावायचा कारखाना होता. आजूबाजूला बहुतेक काळी वस्ती. घराघरात कॅन्सर आहे, असं लोक वर्षानुवर्षं सांगत होते. २०१९ साली राज्याच्या आरोग्य खात्याने पत्त्यांनुसार रुग्ण मोजले, तेव्हा फुप्फुसाचा, अन्ननलिकेचा आणि स्वरयंत्राचा कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. पुढे लहान मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचंही तसंच निघालं. मोजलं म्हणून निघालं.

अमेरिकेचे गोडवे गायला मी हे लिहीत नाही. अल्पसंख्य आणि गरीब वस्त्यांवर प्रदूषणाचा बोजा किती पडतो ते सरकारी खात्यांनी बघावं, असा क्लिंटन यांचा १९९४ चा आदेश होता. तो २०२५ च्या जानेवारीत रद्द झाला.

आपल्याकडे मात्र असं पत्त्यांनुसार मोजल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं. त्याला लागून शिवाजीनगर, बैंगनवाडी: मुसलमान आणि दलित कुटुंबं जास्त. ‘ते आपणहून तिथे जाऊन राहिले’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. ते खरं नाही. सत्तरच्या दशकात शहरातल्या झोपड्या पाडून महापालिकेने लोकांना तिथे वसवलं. १९७६ साली अणुसंशोधन केंद्रासाठी जनता कॉलनी हलवली, ती याच बाजूच्या चिता कॅम्पला.

आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी बैंगनवाडीच्या. थंडीत धूर यायचा तेव्हा आई संध्याकाळपासून खिडक्या लावून घ्यायची, फटीत ओलं फडकं कोंबायची. सकाळी मावशी यायच्या तर त्यांच्या पदराला तोच वास. मोरीत पाटावर बसून त्या आधी खोकून घ्यायच्या आणि मग नळ सोडायच्या. २०१६ साली डम्पिंग पेटलं, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा दादाने रोज फोन करून धुराची तक्रार केली. त्याचं बरोबरच होतं. पण तो आठवडा मावशींच्या घरी दर हिवाळ्यात असायचा, आणि आता तिथेच आणखी माणसं नेऊन ठेवायची, हे त्याला चालतं कसं?

मुंबईत कर्करोगाची नोंदणी १९६३ पासून होते आहे. क्षयरोग्यांची नोंद सरकारकडे असतेच. डम्पिंगपासून किती अंतरावर कोण राहतं, कुणाला काय झालं, हे पत्ते लावून काढता येईल. त्या १२४ एकरांवर पहिली वीट बसण्याआधी हे काम झालं पाहिजे, आणि त्यात जात-धर्माचाही रकाना हवा, मामा. तुम्ही म्हणता तसं असेल तर तो रकानाच ते दाखवील. आणखी एक रकाना हवा: इथे कुठून आलात, कुणी आणलं?

परवा आईला विचारलं, मावशी आधी कुठे राहायच्या गं?

‘‘दादरला,’’ आई म्हणाली. ‘‘झोपडी पाडली आणि ट्रकमधून नेऊन सोडलं. सांगायच्या की त्या.’’