14 गेजची जाळी सगळ्या जनावरांना चालत नाही

मुक्त संचार गोठेवाल्यांच्या, म्हणजे जनावरं न बांधता कुंपणाच्या आत मोकळी ठेवणाऱ्यांच्या, ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: "14 गेजची चार इंची चेनलिंक घ्या. गेज जास्त तेवढी ताकद जास्त. गाय, म्हैस, शेळी सगळ्यांना चालते. वरून दोन काटेरी तारा ओढा, बिबट्या येत नाही. जास्तच भीती असेल तर रात्री लाइनची वीज सोडा." कर्ज काढून गोठा उभारणारी माणसं हे वाचून खरेदीला निघतात, म्हणून हे लिहितोय.

गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, आणि त्याचं गणित उलटं आहे. आकडा वाढला की तार बारीक होते. 14 गेजची तार साधारण 2 मिलिमीटर जाडीची, 10 गेजची सव्वातीन. म्हणजे तिच्यात लोखंड अडीचपट.

"सगळ्यांना चालते" हेही खोटं. म्हैस कुंपणाला अंग घासते, रेलते, आणि बारीक तारेची जाळी महिन्याभरात पोट काढते. तिथे जाड तार तर हवीच, शिवाय छातीच्या उंचीला आतून आडवा पाइप हवा, म्हणजे जोर जाळीवर येत नाही. शेळीला ताकदीपेक्षा भोक महत्त्वाचं. पलीकडच्या पाल्यासाठी ती डोकं घालते. शिंगं मागे झुकलेली, म्हणून आत जाताना सरकतात आणि बाहेर येताना तारेत अडकतात. अशी अडकलेली शेळी भटक्या कुत्र्यांच्या आयतीच हाती लागते. लहान करडू तर चार इंचातून निसटूही शकतं. शेळ्यांसाठी निदान खालचे तीन फूट दोन इंची जाळी घ्या.

बिबट्याचा दावा सगळ्यात घातक. झाडावर चढणाऱ्या जनावराला जाळी म्हणजे पंजे रोवायला आधारच, आणि दोन काटेरी तारा त्याला अडवत नाहीत. जुन्नर, आंबेगावच्या ऊसपट्ट्यात हे कुणाला सांगायला नको. तो आत शिरला की कोंडलेल्या शेळ्यांना पळायला वाट नसते आणि एका रात्रीत अनेक जातात. रात्रीच्या निवाऱ्याला वरूनही जाळी किंवा पत्रा आणि घट्ट बसणारं दार लागतंच. पैसे वाचवायचे तर दिवसाच्या मोकळ्या आवारात वाचवा, इथे नको.

आणि लाइनची वीज कधीही सोडू नका. कुंपणाच्या तारेला जोडायचं झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन थांबतं, साधारण सेकंदाला एकदा, त्यामुळे हात सुटतो. लाइनचा प्रवाह सलग असतो, स्नायू आखडतात, तार सुटत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेली शेजारची माणसं अशा तारांना चिकटून मेली आहेत, आणि वीज सोडणाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचे गुन्हे दाखल झाले आहेत.