रोज रील टाकणं प्रत्येकीला जमत नाही

तुमच्या लेखात म्हटलंय की घरगुती व्यवसायाने रोज एक रील टाकलीच पाहिजे नाहीतर गिऱ्हाईक विसरतं, हे मला अजिबात पटलं नाही. माझी वहिनी डोंबिवलीत घरूनच फराळ, पुरणपोळ्या, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, मुलगी झाली तेव्हा झोपेचे वांधे होते तिथे रोज रील कोण काढणार?

तिने सगळी जाहिरात गणपती, दिवाळी आणि होळी एवढ्यावरच आणली, मधल्या महिन्यांत फक्त जुनी गिऱ्हाईकं सांभाळली. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग एकदाच भावासकट नीट भरला आणि अवे मेसेज, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर, लावला की बाळ लहान आहे, उत्तर संध्याकाळी मिळेल. लोक समजून घेतात हो, उत्तरच आलं नाही की मात्र दुसरीकडे जातात. अनारसे सरळ बंद केले, तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, हे तान्ह्या बाळासोबत कठीणच, त्यापेक्षा टिकणारा चिवडा आणि शंकरपाळे ठेवले.

आणि एक, व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, 256 च नंबर बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून ती प्रत्येक डब्यावर 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी चिकटवते. नंतर सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाही गिऱ्हाईकांना कळवायला तीच लिस्ट कामी आली.

बाळंतपण, घरातलं आजारपण, मुलांची दहावी, या काळात धंदा कसा चालू ठेवायचा यावर पण लिहा प्लीज, त्याची खूप जणींना गरज आहे.