कॅसेट 240 लाइनची, म्हणून 352×288 पुरे? हा हिशोब कुठे चुकतो

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायचं कुणी मनावर घेतलं की ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. शब्द बदलतात, गाभा असा असतो: ‘व्हीएचएसमध्ये मुळात 240 लाइनच असतात. म्हणून कॅप्चर 352×288 वर करा, फार तर 640×480 वर. 720×576 ठेवलं तर नुसती हार्डडिस्क भरते आणि फ्रेम ड्रॉप होतात. नंतर हवं तर एआयने 4के करून घ्या.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण एवढ्या मजकुरात कॅसेटबद्दलचा खरा आकडा एकच आहे, आणि तोही भलत्या दिशेला लावलाय.

240 हा तो आकडा. तो वरून खाली मोजत नाहीत, डावीकडून उजवीकडे मोजतात. चित्राच्या उंचीएवढ्या रुंदीत काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा मिळून किती वेगळ्या ओळखू येतात, ते तो सांगतो. व्हीएचएसवर चित्राचा उजेड-अंधार साधारण 3 मेगाहर्ट्झपर्यंतच उमटतो. त्याहून बारीक रेघा एकमेकींत मिसळून राखाडी होतात. चित्र 4:3 असल्यामुळे अख्ख्या रुंदीला हा हिशोब 320 च्या आसपास जातो.

वरून खाली येणाऱ्या ओळींचं गणित निराळं. आपल्याकडची टीव्ही-सिग्नलची पाल पद्धत 625 ओळींची, त्यातल्या 576 ओळींत प्रत्यक्ष चित्र. व्हीएचएस या ओळी कमी करत नाही, करूही शकत नाही. केल्या असत्या तर टीव्हीला ते चित्र लावताच आलं नसतं. सगळ्या ओळी टेपवर आहेत, फक्त प्रत्येक ओळ आतून बोथट आहे. त्यामुळे उंची किती ठेवायची हा निर्णय तुमच्याकडे नाहीच. सिग्नलने तो केव्हाच घेतलाय: 576. (अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट तिकडच्या एनटीएससी पद्धतीची असेल, तर 480 आणि सेकंदाला 29.97 फ्रेम. इथल्या लग्नाची पालमधून एनटीएससी करून तिकडे पाठवलेली प्रत हाती आली असेल, तर आधी इथली मूळ कॅसेट कुणाकडे आहे का ते विचारा.)

मग 288 आलं कुठून? व्हीसीडीवरून. पाल व्हीसीडीचं चित्र 352×288 चं, सेकंदाला 25 फ्रेमचं. 2000 च्या आगेमागे लग्नाच्या कॅसेटीची ‘सीडी करून देणारे’ गल्लोगल्ली होते, आणि त्या कामाला हाच आकडा लागायचा. तीच कॅसेटची कुवत, असं मग लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

खरं नुकसान इथे आहे. पालचं चित्र एका दमात येत नाही. सेकंदाला 50 वेळा निम्म्या निम्म्या ओळी येतात, एकदा एकाआड एकमधल्या विषम, एकदा सम. या निम्म्या चित्राला फील्ड म्हणतात, आणि लागोपाठची दोन फील्ड दोन वेगळ्या क्षणांची असतात. 288 उंची मागितली की बहुतेक कॅप्चर कार्डं (व्हीसीआरचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणारी) एक फील्ड ठेवतात आणि दुसरं सरळ टाकून देतात. म्हणजे निम्म्या ओळी जातातच, पण निम्मी हालचालही जाते. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो तुकडा दोन्ही तऱ्हेने घेऊन बघा. 50 फील्डांमधून तांदूळ हवेतून खाली येताना दिसतात. 25 वर ते एकदा इथे, एकदा तिथे उमटतात, आणि कॅमेरा मांडवावरून फिरतो तेव्हा खांब धक्के खात पुढे सरकतात. ही हालचाल टेपवर होती. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने आणली तरी ती अंदाजाने भरलेली असेल.

640×480 चा सल्ला याहून वाईट, कारण तो निरुपद्रवी वाटतो. 480 हा पाल कॅसेटचा आकडाच नाही. 576 ओळी 480 मध्ये बसवायच्या म्हणजे दर सहा ओळींतून पाच करायच्या, आणि शेजारच्या दोन ओळी तर वेगवेगळ्या क्षणांच्या. कार्डाचं सॉफ्टवेअर त्या बेलाशक एकत्र कालवून टाकतं. नवरी हार घालायला हात उचलते तिथे फ्रेम थांबवा: मनगटाच्या कडेला पट्टे आणि बांगड्यांची धूसर दुसरी रांग. 576 मध्ये घेतलेल्या फाइलीतही थांबलेल्या फ्रेमवर कंगव्याचे दात दिसतात, पण ते स्वच्छ असतात. यॅडिफसारखा फिल्टर दोन्ही फील्ड वेगळी करून सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम देतो. कालवलेल्या ओळी कुणालाच वेगळ्या करता येत नाहीत.

रुंदीच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप द्यायला हवं. 720 हा आकडा 1982 च्या स्टुडिओ-मानकातून आला: सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुने. व्हीएचएसची बोथट ओळ त्याच्या निम्म्या नमुन्यांतही तत्त्वतः जवळपास मावते. 352×576 हे पाल डीव्हीडीला चालणारं माप आहेच. तेव्हा कंजूषी करायचीच असेल तर रुंदीत करा, उंचीत नको. मी तरी तीही करत नाही. कार्डातली चिप बहुधा आत 720 च्याच मापाने नमुने घेते आणि मग रुंदी कमी करते. ती किती नीट करते ते कार्डागणिक बदलतं. शिवाय पुढे टेपची मुंगी (चित्रभर वळवळणारे ठिपके) काढायची असेल तर मुंगी बारीक टिपलेली असलेली बरी. 720×576 ची फाइल कॉम्प्युटरवर उघडली की माणसं जरा उभट दिसतात, त्याला घाबरू नका. इथले पिक्सेल चौरस नसतात. फाइलीला 4:3 ची खूण लावली की चेहरे जागेवर येतात.

जागेचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे. काहीही न दाबता 720×576 घेतलं तर तासाला सुमारे 75 जीबी. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही1 सारख्या लॉसलेस कोडेकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता दाबणाऱ्या पद्धतीत, तेच साधारण 30-35 जीबीवर येतं, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटीला 100 जीबीच्या आसपास. तेही जड वाटत असेल तर रिझोल्युशनला हात न लावता बिटरेट उतरवा: एमपीईजी-2, इंटरलेस्ड (दोन्ही फील्ड जशीच्या तशी ठेवून), 8 एमबीपीएस, तासाला 3.6 जीबी. हार्डडिस्क उद्याही मिळेल. व्हीसीआरचं तसं नाही. शेवटपर्यंत तो बनवत राहिलेल्या जपानी फुनाईने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. कोकणातल्या दमट कपाटातल्या कॅसेटीवर बुरशी चढलेली असेल, तर ती दुसऱ्यांदा चालेल याचीही खात्री नाही.

फ्रेम ड्रॉपचा मुद्दा एके काळी खरा होता. सेकंदाला 20 एमबी लिहिणं तेव्हाच्या हार्डडिस्कना जड जायचं. आजच्या लॅपटॉपला ते काहीच नाही. तरी फ्रेम गळत असतील तर बहुधा टेपचा सिंक, म्हणजे प्रत्येक ओळ आणि फील्ड कधी सुरू होते ते सांगणारी खूण, डळमळतोय आणि कार्ड गोंधळतंय. त्यावर टाइम बेस करेक्टर, म्हणजे ही वेळ सरळ करून देणारं यंत्र, हा उपाय. तो नसेल तर काही डीव्हीडी रेकॉर्डरांमधून सिग्नल नुसता पुढे काढला तरी बराच फरक पडतो. रिझोल्युशन उतरवून डळमळणारा सिंक सरळ होत नाही. व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड साफ असणं आणि व्हीसीआरला एस-व्हिडिओचं तोंड असलं तर पिवळ्या पिनेऐवजी ते वापरणं, याने चित्रात जास्त फरक पडतो.

राहिलं एआय आणि 4के. 352×288 च्या फाइलीत घोळक्यातला चेहरा जेमतेम डझनभर पिक्सेलचा असतो. त्याला एआय लावलं की आजीच्या चेहऱ्यावर भलत्याच बाईचे डोळे येतात. कॅप्चर करतानाच 1080पी देणारे स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबेही नकोत. ते फील्ड हवी तशी मिसळतात, अनेकदा 50 चे 60 करतात, आणि 4:3 चं चित्र ताणून मामांना रुंद करतात. चित्र मोठं करायचं ते यूट्यूबवर चढवताना. तिथे 720पी च्या खाली 50 फ्रेम मिळत नाहीत, म्हणून डी-इंटरलेस करून (फील्डांच्या पूर्ण फ्रेम करून) 1440×1080 ची वेगळी प्रत काढा. 720×576 ची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा.