‘पावती आहे ना, मग विका’: लष्करी सरप्लसबद्दलचा एक घातक सल्ला

अमेरिकी लष्कराचा सरप्लस, म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेला, माल स्वस्तात घ्या, ऑनलाइन विका आणि घरबसल्या कमवा, असं सांगणारे व्हिडिओ आणि मेसेज सतत फिरत असतात. त्यांचा सूर साधारण एकच असतो: “माल सरकारनेच विकायला काढलेला आहे. पावती हातात आली की तो तुमचा. मग कुणालाही विका, कुठेही पाठवा. परवान्याची भानगड फक्त बंदुकांना असते. कपडेलत्ते तर अगदीच निर्धोक.” हे ऐकून कुणी जमवलेले पैसे गुंतवले, तर पैसे बुडण्यावर भागेल असं नाही. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

“सरकारनेच विकला, म्हणजे विकण्याजोगाच असणार.”

लष्कराला नको असलेला माल डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेस या संरक्षण खात्याच्या संस्थेकडे जातो. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला तिचं मुख्यालय आहे. विल्हेवाट लावताना प्रत्येक वस्तूचं एक अक्षर बघितलं जातं, त्याला डीमिल कोड म्हणतात. ‘ए’ असेल तर वस्तू आहे तशी विकता येते. ‘सी’ असेल तर तिचे ठरावीक महत्त्वाचे भाग आधी काढावे किंवा निकामी करावे लागतात. ‘डी’ असेल तर ती पूर्ण नष्टच करायची. पद्धत चोख आहे, पण ती राबवताना चुका होतात. 2006 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी संस्थेच्या, म्हणजे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या, माणसांनी ओळख लपवून सरप्लसच्या विक्रीतून चिलखती जॅकेटात घालायच्या सिरॅमिक प्लेट विकत घेतल्या. कंत्राटदार असल्याची बतावणी करून त्यांनी गोदामातून खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांचे लाँचर माउंटही उचलून आणले. यातलं काहीच बाहेर पडायला नको होतं. सरकारी विक्रीतून आला एवढ्यावरून माल निर्धोक ठरत नाही, हे सरकारच्याच तपासणीत दिसून आलं.

नियम खरेदीनंतरही बदलतात, आणि हे तर कुणीच सांगत नाही. एफ-14 टॉमकॅट विमानं अमेरिकी नौदलाने 2006 मध्ये निवृत्त केली. तीच विमानं इराणने 1970च्या दशकात अमेरिकेकडून घेतलेली होती आणि सुट्या भागांसाठी इराण जगभर गळ टाकून बसला होता. 2007 मध्ये पेंटागॉनने या विमानाच्या भागांची विक्री थांबवली, आणि 2008च्या संरक्षण कायद्याने या भागांना निर्यात परवाना देणंच बंद केलं. आधी रीतसर घेतलेला एखादा सुटा भाग ज्याच्या गॅरेजमध्ये पडून होता, त्याची पावती खरीच होती. परदेशी गिऱ्हाईक मात्र त्याच्यासाठी कायमचं बंद झालं.

“पावती म्हणजे मालकी.”

पावती कुणाची, हे आधी बघा. सरकारी लिलावाची असेल तर ठीक. पण या बाजारातला बराच माल दुसऱ्या-तिसऱ्या हाताने येतो, आणि “सैनिकाने स्वतःच विकलाय” हे वाक्य पुरावा म्हणून पुढे केलं जातं. सैनिकाला मिळणाऱ्या सामानात दोन प्रकार असतात. काही कपडे त्याचे स्वतःचे होतात. हेल्मेट, चिलखत, प्लेट, स्लीपिंग बॅग हे मात्र त्याच्या नावावर वापरापुरतं दिलेलं असतं आणि तळ सोडताना मोजून परत करायचं असतं. ते त्याने विकलं तर लष्करी न्यायसंहितेच्या 108व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. जे त्याचं नव्हतंच, त्याची मालकी तो तुम्हाला देणार कुठून? चौकशी लागली तर माल जप्त होतो आणि दिलेले पैसे परत मागायला विक्रेता सापडत नाही. चोरीचा आहे हे माहीत असून घेतला असेल, तर संघराज्याच्या कायद्याप्रमाणे 1000 डॉलरच्या वरच्या मालाला 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2008 मध्ये त्याच लेखातपासणी संस्थेने ईबे आणि क्रेगलिस्ट या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवरून गुपचूप खरेदी करून पाहिली. नाइट व्हिजन म्हणजे अंधारात बघायचे गॉगल, चिलखती प्लेट, एफ-14चे भाग, सगळं मिळालं.

इथे उलट बाजूची एक अफवाही खोडायला हवी. सैनिकांच्या तयार जेवणाच्या पाकिटांवर, म्हणजे एमआरईवर, व्यापारी पुनर्विक्री बेकायदा असल्याचं छापलेलं असतं. ते वाचून लोक घाबरतात. पण 2006 मध्ये तपासणी झाली तेव्हा अशी विक्री थेट गुन्हा ठरवणारा कायदाच सापडला नाही. वेष्टनावर छापल्याने काही कायदा होत नाही. मात्र तेच खोकं तळावरच्या साठ्यातून चोरलेलं असेल तर चोरीचा कायदा लागतोच. म्हणून माल कुठून कुठे फिरत आला, हाच पहिला प्रश्न विचारायचा.

“परवाना फक्त बंदुकांना लागतो.”

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून थोडं सविस्तर. लष्करी वस्तूंच्या निर्यातीवर परराष्ट्र खात्याची आयटार ही नियमावली चालते. तिच्या यादीत 21 वर्ग आहेत आणि त्यांतले मोजकेच बंदुकांचे आहेत. बाकीच्यांत विमानांचे भाग, चिलखत, रात्री बघायची उपकरणं, इलेक्ट्रॉनिक्स, तांत्रिक माहिती असं सगळं येतं. या यादीत नसलेल्या पुष्कळ वस्तू वाणिज्य खात्याच्या निर्यात नियमांत येतात. परवान्याशिवाय जाणूनबुजून निर्यात केली तर दर उल्लंघनामागे 20 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दिवाणी दंडासाठी तर हेतू सिद्ध करण्याचीही गरज नसते. पार्सलवर ‘जुना कॅमेरा’ किंवा ‘गिफ्ट’ लिहून नाइट व्हिजनची दुर्बीण परदेशी पाठवणाऱ्याने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो.

अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्या मंडळींनी पुढचं नीट वाचावं. नियंत्रित तांत्रिक माहिती अमेरिकेतच एखाद्या परदेशी नागरिकाला दिली, तरी कायद्याच्या लेखी ती निर्यात होऊ शकते. ग्रीन कार्डधारक यात परदेशी धरला जात नाही. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावरचा माणूस धरला जातो. उपकरणासोबत आलेलं सर्व्हिस मॅन्युअल स्कॅन करून मित्राला पाठवण्याआधी ते नियंत्रित आहे का, हे बघावंच लागतं.

“कपडेलत्ते निर्धोक.”

हे बहुतांशी खरं आहे. तंबू, घोंगड्या, बॅगा, जुने गणवेश यांच्या विक्रीत सहसा अडचण नसते. अपवाद दोन. मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक विकणं गुन्हा आहे. आणि चिलखती जॅकेट हे कपड्यात मोजायचं नाही: हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने ते बाळगणं संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि न्यूयॉर्क राज्याने 2022 पासून ठरावीक व्यवसायांतल्या लोकांनाच ते विकायची मुभा ठेवली आहे.

मग विकण्याआधी करायचं काय? वस्तूवरचा 13 अंकी साठा क्रमांक शोधा. पहिल्या चार अंकांवरून तिचा वर्ग कळतो: 8340 म्हणजे तंबू आणि ताडपत्र्या, 8470 म्हणजे अंगावरचं चिलखत, 5855 म्हणजे नाइट व्हिजन. पूर्ण क्रमांकावरून तिचा आजचा डीमिल कोड काढा. लिलावाच्या वेळचा कोड अजून तोच असेल असं धरून चालू नका. कोड ‘ए’ निघाला तरी परदेशी पाठवण्याआधी वाणिज्य खात्याचे नियम बघा. खरेदीच्या वेळी अंतिम वापराच्या प्रमाणपत्रावर सही केली असेल, तर माल कशासाठी घेतला आणि पुढे कुणाला देणार याबद्दल तिथे काय लिहून दिलं, ते पुन्हा वाचा. वस्तू कोणत्या यादीत येते याचा उलगडाच होत नसेल, तर डीएस-4076 हा अर्ज भरून परराष्ट्र खात्याकडून लेखी निर्णय मागता येतो. तो हातात पडेपर्यंत वस्तू आपल्या कपाटातच राहू द्या.